१४ इंची रॉबी घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमधे टीव्हीशेजारी १४ इंच उंचीचा एक काळपट रोबॉट उभा आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग तेच ते प्रश्न विचारतो. नातेवाईक, सोसायटीतली पोरं, ऑफिसातले, एकदा तर गॅसवाला पण. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. क्रम लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

हा कोण आहे? ट्रान्सफॉर्मर का?

नाही हो. हा रॉबी. १९५६ साली एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा 'फॉरबिडन प्लॅनेट' आला त्यातला रोबॉट. रंगीत सिनेमा, परग्रह, उडती तबकडी, सगळं आहे, पण लोकांच्या लक्षात राहिला तो रॉबी. पारदर्शक घुमटाचं डोकं, पिंपासारखं धड आणि गोळ्यावर गोळा ठेवल्यासारखे पाय. नंतर तो बऱ्याच सिनेमांत आणि टीव्ही मालिकांत पाहुणा म्हणून फिरला. मूळ रॉबीचा २०१७ च्या नोव्हेंबरमधे न्यूयॉर्कला लिलाव झाला, ५३ लाख ७५ हजार डॉलरला गेला. माझा सोफ्यावरून दोनदा पडलाय.

पण रॉबीच का? आजकालचे एवढे भारी रोबॉट सोडून?

दोन कारणं. एक म्हणजे आजकालचे रोबॉट कॉम्प्युटरवर बनलेले असतात, त्यांच्या अंगावर हजार बारीक तुकडे, ते हाताने बनवायला बसलात तर रिटायर व्हाल. रॉबी खरोखर वर्कशॉपमधे माणसांनी बनवलेली वस्तू आहे. लाकडी साचे केले, त्यावर प्लास्टिकचे तापवलेले शीट ओढून आकार घेतले आणि ते जोडले. प्लास्टिक कुठलं तर रॉयलाइट म्हणून, जे तेव्हा सुटकेस बनवायला वापरायचे. म्हणजे त्यांनी जे केलं तेच आपण छोट्या साइजमधे करतोय, पद्धत तीच.

दुसरं कारण रॉबर्ट किनोशिता. रॉबीच्या डिझाइनमधे स्टुडिओतल्या बऱ्याच जणांचा हात होता, पण त्या सगळ्या कल्पनांचं पक्क्या ड्रॉइंगमधे रूपांतर केलं ते या माणसाने. जपानी वंशाचा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांमधे टाकलं त्यात हा आणि याची बायको पण होती, आणि तिथून बाहेर पडल्यावर मिलवॉकीला जाऊन हा प्लास्टिकचं काम शिकला. पुढे १९६५ च्या 'लॉस्ट इन स्पेस' मालिकेतला रोबॉट पण त्याचाच. २०१४ ला गेला, शंभरी पूर्ण करून. हे वाचल्यापासून मला पॉलिश पेपर घासायचा कंटाळा जरा कमी येतो.

स्क्रॅचपासून म्हणजे काय? किट आणून जोडलं तर चालत नाही का?

चालतं की, कोण नाही म्हणतंय. किटमधे तुकडे तयार येतात, आपण कापायचे, जोडायचे, रंगवायचे. स्क्रॅचमधे तुकडेच नसतात. हातात एक फोटो असतो आणि समोर पाईप, शीट, बांगड्या, बाटल्या. बांगड्यांचं पुढे सांगतो.

स्केल किती घ्यायचं?

इथे सगळे चुकतात आणि मी पण चुकलो होतो. लोक आधी स्केल ठरवतात, मग भाग शोधायला निघतात. उलटं करा. आधी बघा की सगळ्यात अवघड भाग कुठला आणि तो आपल्याला किती मापात जमेल किंवा तयार मिळेल, स्केल त्याच्यावरून ठरवा. रॉबीत तो भाग म्हणजे घुमट. बाकी सगळं कापून, घासून, लांबी म्हणजे पुट्टी भरून जमवता येतं, पारदर्शक घुमटाला लांबी भरता येत नाही. त्यात जे आहे ते दिसणारच.

मी पहिल्यांदा हौसेने १:४ धरलं होतं. रॉबी जवळजवळ ७ फुटाचा, म्हणजे ८४ इंच, भागिले ४ म्हणजे २१ इंच. पाय झाले, धडाचा सांगाडा झाला, आणि मग कळलं की त्या मापाचा घुमट आमच्या ओटीजीत, म्हणजे प्लास्टिकचं शीट तापवायच्या छोट्या ओव्हनमधे, मावतच नाही. शीटची फ्रेमच आत जात नव्हती. तो सांगाडा अजून माळ्यावर आहे, आई दर दिवाळीला विचारते टाकू का म्हणून.

मग १:६ वर आलो. ८४ भागिले ६ म्हणजे १४ इंच, मिलिमीटरमधे ३५५ आणि थोडं. याचे फायदे तीन: घुमट ओटीजीत मावतो, बाजारात १२ इंची बाहुल्या-सैनिक मिळतात ते साधारण याच स्केलचे त्यामुळे शेजारी माणूस उभा करता येतो, आणि तिसरं म्हणजे ३५५ मिमी ए-थ्री कागदावर बसतं. ए-थ्री ४२० लांब असतो.

कागदाचा काय संबंध?

मापं तिथूनच घ्यायची. प्रत्येक वेळी फोटोत मोजा, गुणा, भागा असं करत बसायचं नाही. समोरून आणि बाजूने काढलेले चांगले फोटो शोधायचे, त्यातही लांबून काढलेले, कारण जवळून काढलेल्या फोटोत पोट मोठं आणि पाय बारीक दिसतात, लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या मावशीसारखं. मग फोटो असा मोठा करायचा की कागदावर रोबॉटची उंची बरोब्बर ३५५ भरेल, आणि प्रिंट काढायची. आता कागदावर पट्टी ठेवली की तेच मॉडेलचं माप, हिशोब संपला.

फक्त एक करा. प्रिंट काढायच्या आधी कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक रेघ टाका. मी टाकली नव्हती. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने 'फिट टू पेज' वर टिक ठेवून प्रिंट मारली, रोबॉट ३४० चा आला, माझ्या ते लक्षात आलं तेव्हा खांद्याच्या रिंगा आणि छातीचं पॅनेल कापून झालं होतं. १५ मिमीचा फरक ऐकायला काही वाटत नाही पण खांदा धडावर बसतच नाही. त्या पोराची काही चूक नाही, त्याला काय माहीत मला काय पाहिजे. रेघ टाका, दुकानातच पट्टी लावून १०० भरते का बघा, मगच पैसे द्या.

मटेरियल काय काय लागतं?

हॉबी शॉपचं इंपोर्टेड प्लास्टिक शीट मस्त असतं, पण महाग आणि छोटे तुकडे. मी जे वापरलं ते सांगतो.

सनबोर्ड, म्हणजे पाट्यांना वापरतात तो हलका प्लास्टिकचा बोर्ड, ३ आणि ५ मिमी. साइनबोर्डवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, गोड बोललात तर फुकट. कटरने कापतो, घासला जातो, चिकटतो. तोटा एकच, कापलेल्या कडेला बारीक भोकं दिसतात, तिथे लांबी भरावी लागते.

पीव्हीसी पाईप. ठरलेल्या बाहेरच्या मापात येतो, २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०. हे पाठ करून टाका, कारण मग कागदावरचं कुठलंही गोल दिसलं की डोक्यात आपोआप येतं की हा पन्नासचा. धडाला मी ११० चा तुकडा आत गाभा म्हणून घेतला आणि वर सनबोर्डच्या रिंगा चढवून पोट फुगवलं.

जुनी एटीएम कार्डं. हसू नका. प्रत्येक कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं, कुठल्याही बँकेचं, जगात कुठेही. छातीवरची पॅनेल, छोट्या चकत्या, कडेच्या पट्ट्या सगळं कार्डाचं आहे. नंबर आणि चिप असलेला भाग आधी कापून टाका. संपलेल्या रिफिलींच्या नळ्या होतात, इंजेक्शनची सिरिंज पिस्टनसारखी दिसते, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे फुगे म्हणजे छोट्या दिव्यांची काच.

एमसील आणि गाडीला मारतात ती लांबी. दोन्ही लागतातच.

आणि बांगड्या?

हां, बांगड्या. रॉबीच्या अंगावर रिंगाच रिंगा आहेत, मानेपाशी, कंबरेला, डोक्याच्या दोन बाजूंना फिरणारे अँटेना. सनबोर्डमधून बारीक रिंग कापायला गेलात की तुटते. प्लास्टिकची बांगडी बरोब्बर गोल असते, गुळगुळीत असते आणि मापात येते. बांगडीचं माप इंच आणि सोळांश इंच असं असतं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, ५७ मिमी. दोन-सहा ६० च्या जरा वर. दोन-आठ म्हणजे अडीच इंच, ६३ आणि अर्धा. हे आतलं माप. म्हणजे ६३ च्या पाईपवर दोन-आठची बांगडी कॉलरसारखी चपखल बसते. हा शोध मला लागला त्या दिवशी मी रात्री झोपलो नाही.

रविवार पेठेत बांगड्यांच्या दुकानात मी व्हर्निअर घेऊन उभा. काकांनी विचारलं कुणाच्या हाताचं माप आहे? मी म्हटलं काका हाताला नाही, मानेला. ते जरा थांबले. मग मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, आत गेले आणि मुलींच्या छोट्या बांगड्यांचा डबाच घेऊन आले, म्हणाले याच्या कानाला या बघा. त्यांनी ज्या काढून दिल्या त्याच अँटेनाला लागल्या. तेव्हापासून मी तिथे गेलो की विचारतात, झालं का लग्न तुमच्या नवऱ्या मुलाचं.

बाकी सामान कुठून आणता?

मी पुण्याचा आहे त्यामुळे पुण्याचं सांगतो. हार्डवेअर बोहरी आळीत, इलेक्ट्रॉनिक्स बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारायची, काय मिळेल सांगता येत नाही, मला एकदा जुन्या व्हीसीआरमधले पितळी गिअर मिळाले ते आता घुमटाच्या आत आहेत. दुकानात 'रोबॉट बनवायचाय' असं सांगू नका, कॉलेज प्रोजेक्ट समजून भाव वाढवतात. 'एवढ्या व्यासाची काय वस्तू आहे' एवढंच विचारा.

घुमट कसा केला? नीट सांगा.

नीट सांगतो, कारण पाच वेळा केला तेव्हा जमला.

आधी साचा, म्हणजे घुमटाच्या आकाराचा भरीव ठोकळा. मी पहिला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा केला, जुलैमधे. इथेच माती खाल्ली. वरून कोरडं दिसतं पण पावसाळ्यात आतून आठवडे आठवडे ओलं राहतं, त्यावर गरम शीट पडलं की वाफ निघते आणि घुमटावर फोड येतात. मग एका कातकाम करणाऱ्या काकांकडून लाकडाचा कातून घेतला. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी बघितली असतील तुम्ही, तीच कला. त्यांना मी पुठ्ठ्याचा अर्धा आकार कापून नेऊन दिला, त्यांनी लाकूड फिरवत फिरवत पुठ्ठा लावून लावून बघितला आणि अर्ध्या तासात ठोकळा हातात. मग तो मी ८०० च्या पॉलिश पेपरपर्यंत घासला, कारण लाकडाची प्रत्येक रेघ प्लास्टिकवर उमटते. हे वाक्य परत वाचा. डोळ्याला न दिसणारी रेघ पण उमटते.

मग व्हॅक्यूमची पेटी, म्हणजे हवा ओढून तापलेलं शीट साच्यावर घट्ट बसवणारी. प्लायची चौकोनी पेटी, वरच्या फळीला ३ मिमीची भोकं साधारण दीड-दीड सेंटीमीटरवर, बाजूला एक मोठं भोक त्यात घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाईप, सगळ्या फटी टेपने बंद. साचा फळीवर थेट ठेवायचा नाही, खाली दोन-तीन वॉशर ठेवून किंचित उचलायचा, नाहीतर तळाशी हवा ओढली जात नाही आणि घुमटाची कड गोल येते.

शीट मी पेटजी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचं वापरलं, १ मिमी. दोन लाकडी चौकटींमधे बाइंडर क्लिपने घट्ट धरायचं, ओटीजीत ठेवायचं आणि काचेतून बघत बसायचं. आधी शीट जरा वेडंवाकडं होतं, मग परत ताणलं जातं, मग मधे झोळी पडायला लागते. झोळी दोन-तीन सेंटीमीटर खाली आली की क्लीनर चालू, जाड हातमोजे घालून चौकट बाहेर काढायची आणि एका दमात साच्यावर खाली दाबायची. एका दमात. मधे थांबलात की सुरकुती. थंड झालं की क्लीनर बंद करायचा.

पहिला घुमट फोडांचा गेला, दुसऱ्याला सुरकुती, तिसऱ्याला साच्यावरचा माझा अंगठ्याचा ठसा, चौथा झक्कास झाला आणि त्याची वाट कशी लागली ते फेविक्विकच्या प्रश्नात सांगतो.

ओटीजी नसेल तर?

कोल्ड्रिंकची मोठी बाटली घ्या. पेटची बाटली तापली की आकसते. लाकडी साचा बाटलीत घालायचा, त्यासाठी बूड कापायचं, आणि बाहेरून हीट गन फिरवत राहायचं, बाटली आकसून साच्याला घट्ट बसते. छोट्या घुमटाला उत्तम. एकाच जागी गन धरली तर तिथे प्लास्टिक दुधासारखं पांढरं होतं आणि मग ते परत पारदर्शक होत नाही, म्हणून हात हलता ठेवा.

घरच्यांनी ओटीजी वापरू दिला?

आधी दिला. मग बायकोने नानकटाई केली तिला प्लास्टिकचा वास आला. आता एक जुना ओटीजी गॅलरीत आहे, तो माझा. तुम्ही पण पहिल्यापासून वेगळाच घ्या, खाण्याचं आणि प्लास्टिकचं एकात करू नका, हे गमतीत सांगत नाहीये. आणि पीव्हीसी कधीच ओटीजीत टाकू नका. पाईप वाकवायचा तर हीट गनने लांबून, नरम होईल एवढंच. पीव्हीसी करपला की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, घसा आणि डोळे दोन्ही जातात.

फेविक्विकने सगळं पटकन चिकटतं ना?

पटकन चिकटतं आणि पटकन वाट लावतं. त्याची वाफ असते, ती हवेतल्या ओलाव्याबरोबर मिळून आजूबाजूला पांढरी पावडर बसवते. बंद जागेत जास्त. मी चौथा घुमट, तो झक्कासवाला, रात्री साडेअकराला फेविक्विकने चिकटवला, आतले गिअर पण त्यानेच, आणि खूश होऊन झोपलो. सकाळी आतून सगळा घुमट हिवाळ्यातल्या बाथरूमच्या आरशासारखा. आणि त्या पांढऱ्यात माझे बोटांचे ठसे, एकेक रेघ मोजता येईल इतके स्वच्छ. बाहेरून असता तर ब्रासो लावून घासून काढला असता, आतून हात जातो कुठे.

पाचवा घुमट क्लिअर एपॉक्सीने बसवला, तो पण कडेला चारच ठिपके, म्हणजे उद्या आतला दिवा गेला तर काढता येईल.

फेविक्विकचा खरा उपयोग वेगळा आहे. फट असेल तिथे खायचा सोडा भुरभुरवा आणि वर एक थेंब टाका. क्षणात दगड होतो, लगेच कानस मारता येते. थोडा धूर येतो आणि चटका बसेल एवढं गरम होतं, नाक लांब ठेवा.

पायाचे गोळे कशाचे?

टेबल टेनिसचे बॉल. ४० मिमी, सगळे सारखे, आणि सारखेपणा हाच पायांचा खरा प्रश्न आहे. हाताने एमसीलचा एक गोळा छान करता येतो, त्याच्यासारखाच दुसरा करून दाखवा. बॉल वरून खालून कापायचा, म्हणजे एकात एक रुतल्यासारखे बसतात, आतून एक सळई घालायची आणि एमसीलने भरायचं. वजन खाली आलं की रोबॉट उभा राहतो.

कापायची युक्ती म्हणजे योग्य मापाच्या पाईपच्या तुकड्यात बॉल बसवायचा, जेवढा वर येतो तेवढा पाईपच्या कडेवर करवत टेकवून कापायचा. सगळे एकसारखे कापले जातात. आणि थिनर लांब ठेवा, जुने सेल्युलॉइडचे असोत की नवे प्लास्टिकचे, तीव्र थिनरने दोन्ही पिठल्यासारखे होतात. रंगाचे हात पातळच द्यायचे.

हात?

तीन बोटांचा पंजा, कार्डाचे थर चिकटवून कोरला. बाकी विशेष काही नाही.

दिवे कसे लावले? आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही.

मला पण येत नव्हतं. रॉबी बोलतो तेव्हा तोंडाच्या जागी निळ्या निऑनच्या नळ्या आवाजाबरोबर लुकलुकतात. मूळ पोशाखात आत माणूस असायचा, फ्रँकी डॅरो नावाचा बुटका नट, तो त्या नळ्यांच्या फटींतूनच बाहेर बघायचा. आवाज मात्र मार्विन मिलरचा, तो नंतर घातलेला.

आपल्याला निऑन नको, त्याला मोठं व्होल्टेज लागतं. हल्ली नूडलसारखे वाकणारे एलईडी मिळतात, निळे घ्यायचे. ३ व्होल्टचे असतात आणि एक नूडल १०० मिलीॲम्पच्या आसपास खातो. दिवे लुकलुकवायला जो छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड लागतो, आर्डुइनो नॅनो, त्याच्या एका पिनकडून २० च्या वर मागू नये, म्हणून मधे ट्रान्झिस्टर लागतो. दुकानदार सवयीने बीसी ५४७ देतो, त्याची मर्यादाच १०० आहे, २एन२२२२ मागा. यूएसबीचे ५ व्होल्ट वजा ३, उरले २, भागिले ०.१ म्हणजे २० ओमचा रेझिस्टर, बाजारात २२ चा मिळतो, अर्धा वॅटचा घ्या नाहीतर तापतो. फार मुडपू नका, नूडल आतून तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

छातीवरचे नारिंगी दिवे साधे एलईडी. २ व्होल्टचे, १० मिलीॲम्प पुरे, ५ वजा २ भागिले ०.०१ म्हणजे ३००, ३३० ओमचा लावा. झालं तुमचं इलेक्ट्रॉनिक्स.

आवाजाबरोबर लुकलुक पाहिजे तर छोटं एमपीथ्री मॉड्यूल बसवून त्याचा आवाज नॅनोच्या ॲनालॉग पिनला देता येतो. मी महिनाभर तेच करत बसलो होतो. मग एक दिवस कंटाळून नुसतं आपोआप कमीजास्त होणारं लुकलुकणं टाकलं आणि कुणालाच फरक कळला नाही.

अँटेना फिरवायला गिअरवाली छोटी एन-ट्वेंटी मोटर, ३० आरपीएमची. रिकाम्या धडात ती बसवली की मिक्सर चालू झाल्यासारखा आवाज येतो, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला.

चालतो का?

नाही. खरा पण स्वतःहून चालत नव्हता, आतला माणूस चालायचा.

रंग कुठला?

काळपट करडा, गाडीच्या स्प्रेमधे गनमेटल म्हणून मिळतो त्याच्या जवळचा. आधी करडा प्रायमर, मग चमकदार काळा, मग गनमेटलचे दोन पातळ हात. प्रायमर मारला की न दिसणारे सगळे ओरखडे दिसायला लागतात, तेव्हा रडू नका, प्रायमर त्याच्यासाठीच असतो. परत लांबी, परत ४०० चा ओला पेपर, परत प्रायमर. माझं हे सात वेळा झालं.

पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट साय येते. पुण्यात जून ते सप्टेंबर मी फक्त कापतो आणि घासतो, रंग दसऱ्यानंतर. आणि कुठे थर्माकोल वापरला असेल तर त्यावर स्प्रे मारायच्या आधी फेविकॉलचे दोन हात द्या, नाहीतर डोळ्यासमोर विरघळतो.

गंज, ओरखडे, तेलाचे डाग असलं काही करू नका. हल्ली सगळे करतात. रॉबी चकचकीत होता, घरकाम करणारा होता, मळलेला कशाला असेल.

थ्रीडी प्रिंटरवर करून टाकलं असतं ना?

टाकलं असतं. भाचा पण हेच म्हणतो. प्रिंटरला माझा विरोध नाही, स्वतः डिझाइन करून प्रिंट काढणाऱ्याला पण मी स्क्रॅचच म्हणेन, त्यात पण डोकं लागतं, आणि प्रिंटवरच्या थरांच्या रेघा घासून काढायला पॉलिश पेपर तेवढाच लागतो. दुसऱ्याची फाइल डाउनलोड करून प्रिंट काढली तर ते किट झालं, एवढंच. पारदर्शक घुमट मात्र घरच्या प्रिंटरवर काचेसारखा येत नाही, तिथे परत आमच्या गॅलरीतच यावं लागेल.

मुलांना घेऊन करता येईल?

कागदावरची मापं, पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल, घासणं, मोठ्या ब्रशचं रंगकाम, हे आनंदाने. कटर, हीट गन, स्प्रे आणि एमसील कालवणं तुम्ही. ॲक्रिलिक जोडायला दुकानदार क्लोरोफॉर्म देतात, ते मुलं घरात असताना उघडूच नका, मोठ्यांनी पण खिडकी उघडी ठेवून. सनबोर्ड घासताना मास्क सगळ्यांना.

वेळ आणि खर्च?

फक्त शनिवार-रविवार धरून अकरा महिने, त्यात माळ्यावरचा १:४ वाला पण आला. खर्च साधारण साडेपाच हजार, त्यातले निम्मे वाया गेलेल्या गोष्टींचे. हीट गन आणि व्हर्निअर यात धरलेले नाहीत, बायकोला पण ते सांगितलेलं नाही.

ऑर्डर घेता का? एक बनवून द्या ना.

नाही. रॉबी हे दुसऱ्याच्या मालकीचं पात्र आहे, आपल्या शेल्फसाठी बनवणं वेगळं आणि विकणं वेगळं. आणि खरं सांगायचं तर ते गोळे मी परत कापणार नाही.

डाव्या पायाखाली ते काय आहे?

हे विचारणारे फार कमी, पण विचारतात. सगळं झाल्यावर, रंग वाळल्यावर, काचेच्या टेबलावर ठेवला तर रोबॉट डावीकडे किंचित झुकलेला. गुण्या लावून बघितलं, डावा पाय दीड मिलिमीटर आखूड. कुठे गेला ते दीड मिलिमीटर मला आजपर्यंत सापडलं नाही. बहुतेक एखादा बॉल पाईपमधे नीट टेकला नव्हता. पाय काढायचा तर धड फोडावं लागलं असतं. म्हणून एटीएम कार्डाचे दोन तुकडे कापले, एकावर एक चिकटवले, काळे केले आणि तळव्याखाली लावले. ०.७६ अधिक ०.७६.